बागेतल्या फुलांचे फोटो आणि ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हे कोणतं फूल?" असं विचारणारे फोटो वर्षभर येत असतात. चैत्रात मोगरा फुलला की ते वाढतात आणि श्रावणात एखाद्या घरी ब्रह्मकमळ उमललं की दिवसाला कितीतरी येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. महाराष्ट्रातल्या घरच्या बागा, गॅलरीतल्या कुंड्या आणि सोसायटीचं आवार डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. माझ्याकडे फुलाचा एकच छान फोटो आहे. त्यावरून नाव सांगता येईल का?

जास्वंद, गोकर्ण, कृष्णकमळ अशी फुलं चेहऱ्यावरूनच ओळखू येतात. बाकीच्या फुलांची ओळख बहुतेक वेळा पानात, देठात आणि फुलाच्या पाठीमागे असते आणि फोटोत नेमका तोच भाग नसतो. तगर आणि अनंत ही पांढरी फुलं घ्या. दोन्हींच्या पाकळ्या समोरून दाट दिसल्या की गोंधळ होतो. तगरीचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो, अनंताला चीक येत नाही. अनंताच्या फुलाखाली हिरवी, लांबट, टोकदार निदलं (कळीला बाहेरून झाकणारी पानासारखी दलं) असतात. फूल बाजूने टिपलं असेल तर फोटोतही ती लगेच दिसतात.

म्हणून ओळखीसाठी निदान पाच फोटो हवेत: पूर्ण झाड, समोरून फूल, देठासकट बाजूने आणि मागून फूल, पानं फांदीवर कशी लागली आहेत ते दाखवणारा एक, आणि कळी, फळ किंवा शेंग असेल तर तिचा एक. पानं समोरासमोर जोडीने आहेत, एकाआड एक आहेत की तीन-तीनच्या वेढ्यात आहेत, एवढं कळलं तरी बरीच नावं बाद होतात. फोटो सुंदर आला नाही तरी चालेल, पान मात्र आलंच पाहिजे.

२. मग ॲप कशाला आहेत? गूगल लेन्स लगेच नाव देतं की.

देतं, आणि नेहमीच्या बागेतल्या फुलांचं बरेचदा बरोबरही देतं. पण लेन्स मुख्यतः दिसण्यातलं साम्य शोधतं. त्यामुळे पार्श्वभूमी, रंग आणि कोन यांनी ते फसतं. प्लँटनेटमध्ये फोटो पान, फूल, फळ की खोडाचा आहे हे सांगता येतं, म्हणून ओळखीसाठी मला ते जास्त भरवशाचं वाटतं. आयनॅचरलिस्टवर माणसं फोटो पाहून मत देतात. तिथे एक गोष्ट विसरू नका. कुंडीतलं किंवा मुद्दाम लावलेलं झाड असेल तर "लागवड केलेलं" अशी नोंद करायची असते. अशा नोंदीला "रिसर्च ग्रेड" (अभ्यासाला चालेल असा दर्जा) मिळत नाही, आणि तो नियम योग्यच आहे, कारण तो दर्जा मिळालेल्या नोंदी आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी वापरल्या जातात.

पडताळणीची सोपी रीत अशी: आधी फक्त फुलाचा फोटो द्या, मग वेगळा फक्त पानाचा. दोन्ही वेळा एकच नाव आलं, तर पुढे जायला हरकत नाही. वेगळी नावं आली तर दोन्हींवर शंका घ्या.

३. फोटो दिवसा कधी काढावा?

उजेडाच्या दृष्टीने सकाळी नऊच्या आत, किंवा आभाळ भरलेलं असेल तर केव्हाही. दुपारच्या उन्हात पाकळीवर एकीकडे पांढरा चट्टा आणि दुसरीकडे काळी सावली येते. तेव्हा काढायचाच असेल तर फूल आणि सूर्य यांच्या मध्ये पांढरं मलमल किंवा बटर पेपर धरा.

पण फुलांची स्वतःचीही वेळ असते. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे गळतो, म्हणून झाडावरचं फूल हवं असेल तर उजाडायच्या सुमारास उठावं लागतं. जास्वंद सकाळी उमलते आणि बहुतेक जातींचं फूल संध्याकाळपर्यंत मिटतं. ऊन चांगलं चढलं की ऑफिस टाईमचं फूल उघडतं, ढगाळ दिवशी ते नीट उघडतच नाही. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उमलायला लागते. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी फुटतात, रातराणी अंधार पडल्यावर. मिटलेल्या फुलाच्या फोटोवरून ओळख मागितली जाते तेव्हा बहुतेकदा वेळच चुकलेली असते. ब्रह्मकमळाची वेळ प्रश्न ११ मध्ये आहे.

४. लाल जास्वंदीचा फोटो काढला की नुसता लाल गोळा दिसतो. पाकळीच्या शिरा कुठे जातात?

गडद लाल फुलात कॅमेऱ्याचा लाल रंगाचा भाग आधीच काठोकाठ भरतो आणि बारकावे त्यात बुडतात. फोनवर फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, फोटो थोडा काळपट वाटेपर्यंत. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करून बघा. ऊन टाळा, सावलीत काढा.

फोटो जमला की नाही हे ओळखायला जास्वंदीतच एक खूण आहे. मधल्या लांब दांड्यावर पिवळे परागकोश असतात आणि दांड्याच्या अगदी टोकाला पाच छोटे मखमली ठिपके. हे पाच ठिपके सुटे मोजता आले, तर फोटो ओळखीच्या कामाचा झाला. हा दांडा म्हणजे जास्वंदीच्या कुळाची ओळखच आहे. भेंडीचं, कापसाचं, अंबाडीचं फूल जवळून पाहा, तिथेही तो सापडेल.

५. गोकर्ण डोळ्यांना निळीशार दिसते, फोटोत जांभळी का येते?

डोळा आणि कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर निळा रंग एकसारखा पाहत नाहीत. काही निळी फुलं लाल रंगाच्या टोकाकडचा, आपल्याला जवळजवळ न दिसणारा प्रकाशही परावर्तित करतात आणि कॅमेरा तो टिपतो. सावलीत काढा, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा जुळवणारी सोय) "ऑटो"वर न ठेवता हाताने लावा आणि नंतर जांभळी छटा थोडी कमी करा. ओळखीसाठी पाठवताना "प्रत्यक्षात निळी आहे" एवढं लिहिलं तरी पुरतं.

गोकर्णीच्या फोटोत आणखी एक गंमत टिपता येते. वाटाण्याच्या कुळातल्या बहुतेक फुलांत मोठी पाकळी वर असते, गोकर्णीत ती खाली असते. फूल जणू उलटं टांगलेलं असतं. फोटो फिरवून "सरळ" केलात तर ओळखणाऱ्याची ही खूणच जाते.

६. पांढरी फुलं अगदी चुन्यासारखी सपाट येतात.

भोवतीची गडद पानं पाहून कॅमेरा सगळंच उजळ करतो. उपाय प्रश्न ४ मधलाच: उजेडाची पट्टी खाली. शिवाय एका बाजूने उजेड येईल असं उभं राहा, म्हणजे पाकळीवरच्या घड्यांना सावली मिळते.

७. फोन फुलाच्या अगदी जवळ नेला की सगळं धूसर होतं.

जवळ जाऊ नका, मागे या. आजच्या बऱ्याच फोनची मुख्य लेन्स दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. हातभर अंतरावरून दुप्पट झूम करून काढलेला फोटो नाकाशी नेऊन काढलेल्या फोटोपेक्षा चांगला येतो आणि फोनची सावलीही फुलावर पडत नाही. मॅक्रो सोय असेल तर ती तुळशीच्या मंजिरीतल्या फुलांसारख्या बारीक गोष्टींसाठी ठेवा. कॅमेरा वापरणाऱ्यांनी ओळखीच्या फोटोसाठी ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ८ ते एफ ११ ठेवावं. मागचं सगळं पुसून टाकणारा फोटो भिंतीवर लावायला सुंदर, पण त्यात पानही पुसलं जातं.

वाऱ्याने फूल हलत असेल तर शेजारी बांबूची काडी रोवा आणि देठ कपड्यांच्या चिमट्याने हलकेच तिला टेकवा. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. फोनवर एकामागून एक बरेच फोटो घ्या आणि त्यातला एक निवडा.

आकार कळावा म्हणून एका फोटोत शाळेची पट्टी ठेवा. ती नसेल तर दहाचं नाणं चालतं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

८. कोणत्या ऋतूत कोणती फुलं टिपायची?

गाव, उंची आणि पाणी यांप्रमाणे पंधरा-वीस दिवस मागेपुढे होतात, पण साधारण क्रम असा असतो.

मार्च ते मे हे सुगंधी पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे दिवस. मोगरा, अनंत, सोनचाफा, आणि पाण्याच्या ताणावर बहरणारी बोगनवेल. याच काळात उघड्या मातीतून, एकही पान नसताना, भुईचाफ्याचं जांभळं-पांढरं फूल वर येतं. ते दिसल्या दिवशीच टिपा, आणि मग पावसाळ्यात त्याच कुंडीतल्या पानांचाही फोटो काढा. दोन्ही फोटो एकत्र ठेवले नाहीत तर एकाच झाडाची दोन झाडं समजली जातात. मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुटबॉल लिलीही अशीच वर येते.

पहिला जोरदार पाऊस झाला की काही दिवसांत पावसाळी लिली उमलते. त्यानंतर तेरडा, सोनटक्का, जाई, जुई, कळलावी, कर्दळ. गौरी-गणपतीच्या आसपास बाग सगळ्यात भरलेली असते. कळलावीच्या पानांची टोकं नक्की टिपा. ती लांब होऊन वेलीच्या तणाव्यासारखी आधाराला गुंडाळतात. फुलाच्या मागे, वरच्या बाजूला वळलेल्या पाकळ्या हिरवट-पिवळ्यापासून लाल होत जातात, म्हणून दोन-तीन दिवस रोज एक फोटो घ्या.

दसऱ्याला झेंडू, जोडीला निशिगंध आणि पारिजातक. पाऊस संपता संपता कोरांटी सुरू होते.

थंडीत शेवंती, डेलिया, ॲस्टर, पिटुनिया, कुंद आणि वर्षातले सर्वांत चांगले गुलाब. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. गॅलरीवर रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर ती उशिरा फुलते किंवा फुलतच नाही. "शेजाऱ्यांची फुलली, आमची का नाही?" याचं उत्तर कित्येकदा तो दिवा असतो. या ऋतूत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे जातींच्या नावांच्या पाट्या असतात. फुलाबरोबर पाटीचाही फोटो घ्या.

जास्वंद, सदाफुली, तगर आणि अबोली जवळजवळ वर्षभर असतात. हात बसवायला याच घ्या.

९. मोगरा, जाई, जुई आणि कुंद यांतला फरक फोटोत कसा ओळखायचा?

फुलावरून ओळखू नका, पानावरून ओळखा. मोगऱ्याचं पान साधं, रुंद आणि गुळगुळीत असतं. ते समोरासमोर किंवा तिनाच्या वेढ्यात येतं. जाईचं पान संयुक्त असतं: एका दांडीवर साधारण पाच ते नऊ पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे सुटे भाग. जाईची कळीही बाहेरून गुलाबी झाक असलेली असते. जुईचं पान बघताना बारकाईने पाहावं लागतं. एक मोठी पर्णिका आणि तिच्या बुडाशी दोन्हीकडे कानांसारख्या अगदी लहान पर्णिका असतात. कधी त्या गळून गेलेल्या असतात आणि पान साधंच वाटतं, म्हणून दोन-चार पानं बघा. कुंदाचं पान साधं असतं, पण कोवळ्या फांदीवर आणि फुलाच्या निदलांवर लव असते. उजेड मागून आला की ती फोटोत चमकते.

ऋतूही मदत करतो. मोगरा उन्हाळ्याचा, जाई-जुई पावसाळ्याच्या आणि कुंद थंडीचा. जानेवारीत पांढऱ्या फुलांनी झाकलेलं झुडूप दिसलं तर आधी कुंद आठवा.

१०. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा: हे सगळे एकाच जातीचे का?

नाही, एकाच कुळातलेही नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. त्याच्या अरुंद पाकळ्या पाचापेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि फांदीवर गोल वळ्यासारख्या खुणा दिसतात. देवचाफ्याला पाचच पाकळ्या, जाड फांद्या आणि भरपूर चीक. तो कण्हेरीच्या कुळातला असून मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला आहे. पान टोकदार आहे की गोलसर, हे टिपलंत तर त्याच्या दोन नेहमीच्या जाती वेगळ्या करता येतात. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. त्याचं फूल पानांत लपतं आणि पिवळं पडत गेलं की घमघमतं. त्याच्या फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो. फोटोत तो आकडा आला की शंका उरत नाही. भुईचाफा हळदीच्या कुळातला आहे (प्रश्न ८ पाहा). नागचाफा आणखी निराळा: चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका.

११. आमच्याकडे ब्रह्मकमळ फुललं आहे. हिमालयातलं तेच का हे?

नाही. कुंडीत रात्री उमलणारं पांढरं फूल एका निवडुंगाचं आहे. एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हे त्याचं नाव आणि मेक्सिको-मध्य अमेरिका हे त्याचं मूळ घर. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड असतं आणि कळी त्याच्या कडेच्या खाचेतून येते. हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑबव्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प. त्याची फिकट हिरवट, कागदासारखी आवरणं आतल्या जांभळ्या फुलांना झाकतात. ते उंच डोंगरावर उगवतं, आपल्या गॅलरीत ते जगणार नाही.

आपल्याकडचं ब्रह्मकमळही तेवढ्याच प्रेमाने टिपावं असं आहे. लोंबकळणारी कळी फुगून टोक वर उचलते, त्या रात्री तयार राहा. अंधार पडल्यावर ती सुटायला लागते, मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण उमलते आणि सकाळी कोमेजते. फ्लॅश बंद ठेवा. एलईडी टॉर्चपुढे बटर पेपर धरून एका बाजूने उजेड द्या आणि कुंडी भिंतीपासून दूर ठेवा. मागचा अंधार आपोआप काळा पडदा होतो. फोन टेकवून ठेवा, हातात धरू नका.

१२. एकाच मधुमालतीच्या वेलीवर पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं कशी? दोन वेली मिसळल्या आहेत का?

वेल एकच आहे. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. पांढऱ्या रंगाला रात्रीचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा उडणारे कीटकही. एका घोसाचा तीन दिवस एकाच जागेवरून फोटो घेतलात तर सगळा प्रवास दिसतो. सकाळी पांढरी आणि संध्याकाळी गुलाबी-लाल दिसणारी बदलती जास्वंदही असते, तिथे हाच बदल एका दिवसात होतो. घाणेरीच्या गुच्छातही रंग वयाप्रमाणे बदलतात. म्हणून या तिघींच्या बाबतीत रंगावरून जात ठरवू नये.

१३. पाकळ्या मोजा म्हणतात, पण झेंडूच्या आणि बोगनवेलीच्या कशा मोजायच्या?

तिथे मोजूच नका. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांत ज्याला आपण एक फूल म्हणतो तो पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक "पाकळी" म्हणजे एक स्वतंत्र फूल. एक झेंडू उभा चिरून आतला फोटो काढून पाहा. बोगनवेलीतला रंगीत भाग पाकळी नसून रंगीत पान आहे. खरी फुलं म्हणजे आतल्या तीन बारीक, बहुधा पांढरट नळ्या. पॉइन्सेटियाचा लाल भागही पानांचाच. गुलबक्षीला तर पाकळ्याच नाहीत, तिचा रंगीत भाग निदलपुंजाचा आहे.

डबल फुलांतही मोजणी फसते. डबल तगर, बटमोगरा, डबल जास्वंद यांत बऱ्याच जादा पाकळ्या पुंकेसरांपासून झालेल्या असतात. त्यामुळे जास्वंदीचा तो दांडाही नीट दिसत नाही. अशा वेळी पान आणि देठ यांचाच आधार घ्यायचा.

१४. गुलाबाची नेमकी जात फोटोवरून सांगाल का?

नाही, आणि कोणी खात्रीने सांगत असेल तर सावध राहा. गुलाबाच्या हजारो संकरित जाती आहेत, आणि थंडी-उन्हाळ्यात एकाच रोपाचा रंगही बदलतो. रोप घ्याल त्या दिवशी नर्सरीच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. संकरित जास्वंदीलाही हेच लागू आहे.

१५. एकाच फुलाची दोन शास्त्रीय नावं सापडतात. कोणतं खरं?

बहुतेकदा एक जुनं असतं, एक नवं. नात्यांचा नवा अभ्यास झाला की नाव बदलतं. सोनचाफा मिशेलिया होता, आता मॅग्नोलिया. मधुमालती क्विस्क्वालिस होती, आता कॉम्ब्रेटम. निशिगंध पॉलिअँथिस होता, आता अगेव्ह. नोंदीत दोन्ही लिहा, म्हणजे जुन्या पुस्तकातही शोधता येईल.

१६. पावसाळ्यात फोन-कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यायची?

एसीतून थेट बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसत बसू नका. कोकणात आणि मुंबईत लेन्सला बुरशी लागणं ही खरी भीती आहे. कॅमेरा घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि अधूनमधून उजेडात बाहेर काढा. चामड्याच्या बंद पिशवीत तो महिनोन्महिने ठेवू नका.

१७. ॲपने नाव सांगितलं. फुलाचा चहा किंवा काढा करू का?

फोटोवरच्या ओळखीच्या भरवशावर काहीही तोंडात घालू नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी यांतली विषं हृदयावर परिणाम करतात. धोतरा विषारी आहे. कळलावीचे सगळेच भाग विषारी आहेत, कंद विशेष. यांचे जवळून फोटो काढल्यावर हात धुवा आणि चीक डोळ्यांना लागू देऊ नका. घरात लहान मूल असेल तर बिट्टीची फळं झाडाखाली पडू देऊ नका. कोणी काही खाल्लंच असेल तर ॲपवर नाव शोधत वेळ घालवू नका. झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत घ्या आणि थेट दवाखान्यात जा.

१८. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तुम्ही "मूळ फोटो द्या" का म्हणता?

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि तारीख-जागेची माहिती काढून टाकतं. तेव्हा लव, शिरा आणि ठिपके जातात, शिवाय फूल कोणत्या महिन्यातलं तेही कळत नाही. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मात्र मूळ फोटोत घराचं नेमकं ठिकाणही असू शकतं. अनोळखी लोकांना पाठवताना किंवा जाहीरपणे टाकताना ते आधी काढा. आयनॅचरलिस्टवर ठिकाण अंधुक करायची सोय आहे.

१९. सगळं करूनही नाव सापडलं नाही तर?

जेवढं कळलं तेवढं लिहा. "जास्वंदीच्या कुळातलं, नाव बाकी" ही चांगली नोंद आहे, अंदाजाने चिकटवलेल्या चुकीच्या नावापेक्षा कितीतरी चांगली. फळ धरेपर्यंत थांबा, फळावरून बऱ्याच अडलेल्या ओळखी सुटतात. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे.

तिथे दाखवण्यासाठी फोटोबरोबर वाळवलेला नमुना असेल तर उत्तम. फूल आणि पानं असलेली छोटी फांदी वर्तमानपत्रात पसरून जड पुस्तकांखाली दाबा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात कागद सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर बुरशी धरते. सोबत चिठ्ठीवर तारीख, जागा, झाडाची उंची, वास आणि फुलाचा रंग लिहा. वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात, आणि पहिल्यांदा तेच विचारले जातात.